सोसायटीचा संगणक आणि 'तफावत'

विदर्भाच्या ग्रामीण भागातील सेवा सहकारी सोसायट्यांमध्ये, म्हणजे जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून कर्ज घेऊन ते गावातील शेतकरी सभासदांना देणाऱ्या संस्थांमध्ये, देशभरासाठी तयार केलेली एकच संगणक प्रणाली बसवण्याचे काम सुरू आहे, आणि प्रत्येक आढाव्यात 'गो-लाइव्ह' झालेल्या, म्हणजे नव्या प्रणालीवर काम सुरू केलेल्या, सोसायट्यांचा आकडा आधीपेक्षा मोठा सांगितला जातो. त्या आकड्याचे वजन ठरवायचे असेल, तर ही यंत्रे आणि त्यांवरील सॉफ्टवेअर कोणी घालून दिलेली मुदत पाळण्यासाठी घेतले गेले आणि त्यात भरलेल्या आरंभीच्या शिलकी कोणत्या वहीतून उचलल्या गेल्या, हे आधी पाहावे लागते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. बँकांच्या यांत्रिकीकरणाचा पहिला आराखडा १९८४ मध्ये एका समितीच्या अहवालाने मांडला, कर्मचारी संघटनांच्या विरोधामुळे यंत्रांची संख्या करारांनी बांधली गेली, आणि खतावणी नोंदवणारी यंत्रे शहरांतील मोठ्या शाखांपुरती राहिली. पुढे २००१ च्या आरंभापर्यंत सरकारी बँकांनी ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणावा, असा आदेश आला. जिल्हा मध्यवर्ती बँकांना तो लागू नव्हता. तरीही मुख्यालयात संगणक हवा, ही प्रतिष्ठेची बाब याच सुमारास झाली. चप्पल बाहेर काढून आत जायच्या काचेच्या खोलीतला तो संगणक अनेकांना आठवत असेल. तालुक्याच्या शाखेत मात्र भारनियमनाचे वेळापत्रक पाहून काम चाले, आणि त्यामुळे खरेदीच्या दरपत्रकात संगणकापेक्षा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर अधिक चर्चा होई. ती चर्चा अस्थानी होती असे म्हणता येणार नाही.

खरा निर्णय २०१२ च्या आसपास घ्यावा लागला. मार्च २०१२ नंतर विनापरवाना ग्रामीण सहकारी बँक चालू ठेवायची नाही, अशी रिझर्व्ह बँकेची भूमिका होती, आणि त्याच काळात परवानाधारक बँकांनी कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर ठेवण्याची पद्धत, स्वीकारावे यासाठीही दबाव वाढला होता. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांच्या बँका तेव्हा परवान्यासाठीच झगडत होत्या. ठेवीदारांचे पैसे अडकलेले असताना तेथील संचालक मंडळांनी सॉफ्टवेअरच्या निवडीत फार लक्ष घातले नसेल, तर त्यात नवल नाही. सर्व्हर आणि सॉफ्टवेअर स्वतः विकत घेण्याची ऐपत बहुतेक जिल्हा बँकांकडे नव्हती. त्यामुळे शाखेमागे दरमहा शुल्क द्यायचे आणि यंत्रणा कंपनीच्या दूरच्या डेटा सेंटरमध्ये ठेवायची, ही भाड्याची पद्धत पुढे आली, आणि देशातील अनेक जिल्हा व राज्य बँका या सामूहिक व्यवस्थेत आल्या. भाड्याची पद्धत म्हणजे बँक कंपनीच्या दावणीला बांधणे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो अर्धाच खरा होता. मुदत संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हे करारात स्पष्ट नसेल, तर मालकीचे सॉफ्टवेअर घेणारी बँकही तितकीच अडकते. कारण वार्षिक देखभालीचा दर दुसऱ्या वर्षापासून कंपनीच ठरवते.

या सगळ्या व्यवहारात शाखा संगणकावर आल्या आणि सोसायट्या वहीतच राहिल्या. येथेच 'तफावत' या शब्दाचा गुंता सुरू होतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणी या एका शब्दाभोवती फिरतात.

सहकारात 'अनिष्ट तफावत' या शब्दाला नेमका अर्थ आहे. सभासदांकडून सोसायटीला येणे असलेल्या रकमेपेक्षा सोसायटीकडून बँकेला देणे असलेली रक्कम अधिक असेल, तर ती सोसायटी अनिष्ट तफावतीत आहे असे म्हणतात. त्यात अपहार असलाच पाहिजे असे नाही. सभासदाने ४०,००० रुपये भरले, सोसायटीने ते मुद्दलात जमा धरले, बँकेने तीच रक्कम आधी व्याजात वळती केली, की दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर राहूनही एकमेकींशी जुळत नाहीत. एकरकमी परतफेडीत सभासदाचे व्याज सुटले आणि सोसायटीचे बँकेकडील व्याज चालूच राहिले, तर दरी आणखी रुंदावते. अपहारही अर्थातच झाले. मात्र प्रत्येक तफावतीचा संशय गटसचिवावर, म्हणजे सोसायट्यांचे हिशेब लिहिणाऱ्या सचिवावर, घ्यायचा, ही सवय चुकीची आहे आणि ती सोयीची असल्यामुळेच टिकली आहे.

संगणकाबरोबर याच शब्दाचा दुसरा अर्थ आला. जुन्या वहीतील शिल्लक आणि नव्या प्रणालीतील शिल्लक यांच्यातील फरकालाही तफावतच म्हटले जाऊ लागले. पहिली तफावत वर्षानुवर्षांच्या हिशेबाच्या पद्धतीतून येते, दुसरी बहुतेक वेळा चुकीच्या नोंदीतून किंवा सुटलेल्या खात्यातून. आढावा बैठकीत 'तफावत मिटवा' एवढाच आदेश झाला, की कोणती तफावत हे विचारायला कोणी उरत नाही. फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात, म्हणजे खुलासा न झालेल्या रकमा तात्पुरत्या ठेवण्याच्या खात्यात, टाकली की दोन्ही बाजू जुळतात आणि काम पूर्ण झाल्याचा शेरा मिळतो. अनेक वर्षांचा न सुटलेला वाद अशा रीतीने एका ओळीत मावतो आणि तेवढ्यापुरता दिसेनासा होतो.

त्याची किंमत २०१७ मध्ये मोजावी लागली. दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे आणि बँकांनी प्रत्येक खात्याची माहिती लांबलचक तक्त्यात द्यायची, असे ठरले. शाखेतील संगणक सोसायटीचे एकूण कर्ज सांगू शकत होता. सभासदनिहाय मुद्दल, व्याज आणि थकीत दिनांक ही माहिती गटसचिवाच्या वहीत होती, आणि ती कमी वेळात हाताने एक्सेलमध्ये भरली गेली. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे लागल्याच्या, बँकेच्या आणि सोसायटीच्या रकमा वेगळ्या असल्याच्या तक्रारी पुढे आल्या, तेव्हा दोष 'सॉफ्टवेअर'वर ढकलला गेला. सॉफ्टवेअर निर्दोष होते असा दावा येथे करायचा नाही. पण न जुळणाऱ्या दोन वह्या त्याने जुळवून द्याव्यात, ही अपेक्षा कोणत्याच निविदेत लिहिलेली नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दोन लाखांपर्यंतच्या योजनेत शेतकऱ्यांचे अर्ज मागवण्याऐवजी याद्या प्रसिद्ध करून आधार प्रमाणीकरण करण्याचा मार्ग निवडला गेला, त्यामागे हा अनुभव होता असे मानायला जागा आहे.

जून २०२२ मध्ये केंद्राने सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली: ६३,००० सोसायट्या, २,५१६ कोटी रुपये, पाच वर्षे, प्रत्येक सोसायटीमागे सुमारे ३.९१ लाख रुपये. सॉफ्टवेअर सर्वांसाठी एकच आणि मातृभाषेत, यंत्रसामग्री निविदेने. ज्या सोसायट्यांनी आधीच आपल्या खर्चाने संगणक घेतले होते, त्यांना ५०,००० रुपयांची भरपाई ठेवली गेली; त्यासाठी सॉफ्टवेअर १ फेब्रुवारी २०१७ किंवा त्यानंतर सुरू झालेले असावे, यंत्रसामग्री ठरलेल्या निकषांत बसावी आणि सोसायटीने समान प्रणालीत यायला तयार व्हावे, अशा अटी होत्या. ज्या सोसायटीने त्याआधी, पदरमोड करून, स्थानिक प्रोग्रॅमरकडून काम करून घेतले, ती या भरपाईतून वगळली गेली. पुढाकार घेणाऱ्याला सर्वांत कमी मिळावे, अशीच ही रचना झाली.

दुसरी अडचण मोजणीच्या एककाची आहे. योजना सोसायटी मोजते, तर काम गटसचिव करतो, आणि विदर्भात एका गटसचिवाकडे तीन-चार सोसायट्या असणे नेहमीचे आहे. प्रणालीला रोजचा डे-एंड, म्हणजे दिवसाचे व्यवहार त्याच दिवशी बंद करणे, हवा. गटसचिव त्या गावी आठवड्यातून एक-दोनदा पोचतो. अनेक सोसायट्यांना स्वतःची इमारत नाही, कोठे ग्रामपंचायतीची खोली, कोठे बँक शाखेतील कोपरा. प्रत्येक गावात एक संगणक ठेवण्याऐवजी गटसचिवाला लॅपटॉप आणि सर्व सोसायट्यांचे लॉगिन देणे अधिक व्यवहार्य ठरले असते; मात्र मग संगणकांची संख्या सोसायट्यांच्या संख्येइतकी दाखवता आली नसती.

आरंभीच्या शिलकी भरताना जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. बँकेचा आकडा घ्यायचा की सोसायटीचा? वैधानिक लेखापरीक्षणातील आकडा ग्राह्य धरावा, हे कागदोपत्री उत्तर आहे, पण अनिष्ट तफावतीतील सोसायटीच्या बाबतीत लेखापरीक्षणही दोन्ही रकमा शेजारी शेजारी नोंदवून पुढे गेलेले असते. अशा ठिकाणी नवी प्रणाली सुरू होते आणि जुनी वहीही बंद होत नाही. कर्जवाटपाच्या हंगामात सभासदाची बाकी विचारली, की गटसचिव अजूनही आधी वही उघडतो.