व्हेंट पाईप (इमारतीतला हवेचा पाईप)

व्हेंट पाईप म्हणजे इमारतीच्या ड्रेनेज लाईनला हवा मिळावी म्हणून गच्चीच्याही वर नेलेला आणि वरून उघडा ठेवलेला पाईप. त्यातून पाणी जाताना दिसत नाही, म्हणून मुंबईत बऱ्याच सोसायट्या त्याला बिनकामाचा समजतात, गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं की मधे येतो म्हणून कापून वर सिमेंट मारतात आणि नंतर बाथरूममध्ये वास का यायला लागला ते कोणालाच कळत नाही.

बेसिन, मोरी, संडास, प्रत्येकाच्या खाली ट्रॅप असतो, म्हणजे पाईपचं असं वळण ज्यात थोडं पाणी कायम साचून राहतं, साधारण ५० मिलिमीटर उंचीचं, आणि घर आणि गटार ह्यांच्यामधे आडोसा म्हणाल तर तेवढाच. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग ह्यांनी एस आकाराच्या वळणाच्या फ्लश संडासाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही युक्ती मुळात तीच आहे. पण हे पाणी जागेवर टिकतं ते हवेच्या जोरावर. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केलं की चार इंची पाईपातून पाणी धाडकन खाली जातं आणि जाताना मागून हवा ओढतं, ती हवा गच्चीवरून मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर ती तुमच्या ट्रॅपमधूनच ओढली जाते आणि जाता जाता तिथलं पाणीही घेऊन जाते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत, गचके देत येतं आणि समोर दुसरं पाडलं की सरळ धार लागते, तसंच हे. खालच्या मजल्यांवर उलटा प्रकार होतो, पडणारं पाणी पुढची हवा दाबत येतं आणि मग पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमधून, बुडबुडे आणि कधी घाण पाणीसुद्धा वर येतं.

गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या इमारतींचे पाईप मागच्या हाऊसगल्लीत उघडेच दिसतात, बिडाचे, शिशानं जॉइंट भरलेले, संडासाचा सॉइल पाईप वेगळा आणि मोरी-बेसिनचा वेस्ट पाईप वेगळा. नव्या टॉवरमधे पीव्हीसीचे पाईप डक्टमधे असतात, आणि काही ठिकाणी मुख्य पाईपच तसाच गच्चीवर नेऊन व्हेंटचं काम करून घेतात. टोकाला जाळीची टोपी असते, तिला प्लंबर काऊल म्हणतात.

मुंबईत व्हेंट बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते गच्चीवरची पत्र्याची शेड. गळती थांबावी म्हणून शेड घालतात, पाईप पत्र्याच्या वर काढायचा खर्च वाचवतात आणि तो शेडखालीच सोडतात, मग गटाराचा वास वर निघून न जाता गच्चीवर आणि जिन्यात कोंडतो. काऊल तुटला की कबुतरं काड्या टाकतात. बिडाच्या पाईपाच्या जॉइंटमधे पिंपळ उगवतो, तो नुसता वरून छाटून उपयोग नाही, मूळ काढून जॉइंट परत भरावा लागतो. गच्चीचं पावसाचं पाणी व्हेंटमधे सोडणं तर अगदीच चूक, जोराच्या पावसात सगळा लोंढा ड्रेनेजमधे उतरतो आणि खालच्यांच्या घरात उलटतो.

ओळखायचं कसं? शेजारी फ्लश झालं की आपल्या मोरीत गुडगुड होते, पाणी हळू उतरतं, वास येतो. फक्त वास असेल आणि गुडगुड नसेल तर आधी ट्रॅप सुकलाय का बघा, मे महिन्यात घर बंद ठेवून गावाला गेलं की हमखास सुकतो. निघताना प्रत्येक जाळीत मगभर पाणी आणि वर चमचाभर खायचं तेल टाकलं की पाणी लवकर उडत नाही. सुकलेला ट्रॅप आणि चालू एक्झॉस्ट फॅन ही जोडी फार वाईट, फॅन गटारातली हवा घरात खेचतो. २००३ मधे हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्स हा श्वसनाचा आजार पसरून ३०० हून जास्त लोकांना लागण झाली, त्याच्या तपासात हेच कारण मुख्य धरलं गेलं होतं.

गटारातल्या ह्या हवेत हायड्रोजन सल्फाईड आणि मिथेन असतात. पहिल्याला सडक्या अंड्याचा वास येतो पण त्याचं प्रमाण फार वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असं धरू नये. चेंबरजवळ, म्हणजे खाली जमिनीत ड्रेनेजचे पाईप जिथे येऊन मिळतात त्या झाकणाच्या खड्ड्याजवळ, काडी पेटवू नये.

देखभाल तशी थोडीच आहे. पावसाळ्याआधी प्लंबरला गच्चीवर नेऊन काऊल, जॉइंट आणि वरचं तोंड बघून घ्यावं, चोकअप असेल तर वरून स्प्रिंग किंवा रॉड घालून काढावं. बाजारात एकतर्फी हवा घेणारे व्हॉल्व्ह मिळतात, ते हवा आत घेतात पण आतला दाब बाहेर सोडत नाहीत, म्हणून गच्चीवरचा उघडा पाईप काढून त्याजागी ते बसवणं बरोबर नाही. ड्रेनेज लाईनची दुरुस्ती सोसायटीच्या मॉडेल उपविधीप्रमाणे सोसायटीच्या खर्चानं होते, ज्याच्या घरात वास येतो त्याच्या माथी बिल मारायचं नसतं. आणि काम खालच्या चेंबरपर्यंत गेलं तर माणूस आत उतरवायचा नाही, मशीन बोलवायचं. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमधे माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो त्या कामावर लावणाऱ्याला लागू होतो.