मातृआरोग्यातील मोबाइल-वापर

गरोदरपणात, बाळंतपणात आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांत स्त्रीला माहिती, आठवण, सल्ला किंवा वाहन वेळेत मिळावे यासाठी मोबाइल फोनचा केलेला उपयोग. ठरावीक आठवड्याला येणारे ध्वनिसंदेश, एसएमएस, समुपदेशनाचे कॉल, आशा (गावातील आरोग्य स्वयंसेविका) व एएनएम (उपकेंद्रातील परिचारिका) यांच्या हातातली नोंदणीची अ‍ॅप आणि १०२ व १०८ या रुग्णवाहिका सेवा हे सर्व यात येते. इंग्रजीत अशा वापराला ‘एम-हेल्थ’ (मोबाइल हेल्थ) म्हणतात; त्याला मराठीत ‘मोबाइल आरोग्यसेवा’ म्हणतात. ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द रोजच्या बोलण्यात फारसा आढळत नाही.

‘एम-हेल्थ’ ही संज्ञा सामान्यतः रॉबर्ट इस्तेपानियन यांच्या नावावर, २००३च्या सुमाराची धरतात. मात्र प्रत्यक्ष प्रथा त्याहून जुनी असावी. युगांडातील इगांगा जिल्ह्यात १९९६मध्ये ‘रेस्क्युअर’ प्रकल्पात सुईणींना बिनतारी संच देऊन आरोग्य केंद्राशी व वाहनाशी जोडले होते. संच मोबाइल नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. पण आजचा फोन करतो ते मुख्य काम तोच करीत होता, म्हणून उगम तेथे धरणे अधिक सयुक्तिक दिसते. सैद्धांतिक बैठक थॅडियस व मेन या संशोधकांच्या १९९४च्या ‘तीन विलंब’ मांडणीत सापडते : दवाखान्यात जाण्याचा निर्णय घेण्यातला विलंब, पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. फोन पहिल्या दोहोंवर काम करतो. तिसऱ्यावर त्याचा इलाज फारसा चालत नाही. रक्तपेढीत रक्त नसेल तर संदेशाने ते येत नाही.

परिणामांविषयी पुरावा एकसारखा नाही. झांझिबारमधील २४ आरोग्य केंद्रांच्या चाचणीत मोबाइल-जोडणी असलेल्या गटातील ६० टक्के, तर दुसऱ्या गटातील ४७ टक्के स्त्रिया प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली बाळंत झाल्या; हा फरक मुख्यतः शहरी स्त्रियांत दिसला. भारतातील ‘किलकारी’ या सेवेत चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत ७२ ध्वनिमुद्रित संदेश येतात. केंद्र शासनाने ती २०१६मध्ये हाती घेतली. महाराष्ट्रात ती २०२४मध्ये आली. मध्य प्रदेशातील चाचणीत तिच्यामुळे निव्वळ स्तनपानात (बाळाला फक्त आईचे दूध देण्यात) फरक आढळला नाही. तात्पुरत्या गर्भनिरोधक साधनांचा वापर मात्र थोडा वाढला.

नागपूरचा अभ्यास येथे महत्त्वाचा ठरतो. शहरातील रुग्णालयांत हजाराहून अधिक गरोदर स्त्रियांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या तिमाहीपासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत दर आठवड्याला समुपदेशिकेचा फोन आणि रोज एक एसएमएस अशी योजना होती. सहा महिन्यांअखेर निव्वळ स्तनपान फोनच्या गटात सुमारे ९७ टक्के, दुसऱ्या गटात निम्म्याच्या आसपास आढळले. जन्मानंतरच्या पहिल्या तासातील स्तनपान मात्र सुधारले नाही, आणि तो तास प्रसूतिगृहाच्या हातचा असतो, आईच्या फोनच्या नव्हे. ध्वनिमुद्रित आवाज आणि उलट प्रश्न विचारता येणारी बाई यांतला भेद मध्य प्रदेश व नागपूर येथील दोन चाचण्यांतून सुचतो. दोन्हींची लोकसंख्या निराळी असल्याने तो सिद्ध झाला, असे म्हणवत नाही. मातामृत्यूंवरील परिणाम मोजणे त्याहून कठीण : २०१८–२० या काळात महाराष्ट्राचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते (भारताचे ९७), त्यामुळे एका जिल्ह्यातील वाढ-घट योगायोगापासून वेगळी काढता येत नाही.

संदेशांचे सारे वेळापत्रक शेवटच्या पाळीच्या तारखेवर (एलएमपी) बेतलेले असते. तिच्यात २८० दिवस मिळवून बाळंतपणाची अपेक्षित तारीख काढतात. गावच्या उपकेंद्रात ही तारीख क्वचितच तारीख म्हणून सांगितली जाते. ‘तान्ह्या पोळ्याच्या आधी’, ‘मारबत निघाली त्या आठवड्यात’ अशी उत्तरे येतात आणि सिस्टर भिंतीवरचे कालनिर्णय उलटून त्यांची तारीख करते. तीन आठवड्यांची चूक झाली, तर नवव्या महिन्याचा संदेश बाळ मांडीवर असताना ऐकू येतो. सोनोग्राफीने ही चूक सुधारता येते. नोंदवहीत ती सुधारली तरी संगणकातली नोंद सुधारतेच असे नाही.

दुसरी अडचण फोन कोणाचा, ही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल भारतातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता. नोंदणीला दिलेला क्रमांक पुष्कळदा नवऱ्याचा असतो. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, फोन सासरी राहतो, आणि स्तनपानाविषयीची सूचना कामावर निघालेल्या जावयाला ऐकावी लागते. रामटेक तालुक्यात देवलापारच्या जंगलपट्ट्यात रेंजचा प्रश्न, तर काही घरांत मराठी संदेशापेक्षा गोंडी जवळची. नागपूरच्या डागा स्त्री रुग्णालयात किंवा मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाटकडून येणाऱ्या स्त्रियांची मूळ नोंद दुसऱ्या राज्यातली असते.

प्रत्यक्ष व्यवहारात सर्वाधिक चालणारा प्रकार कोणत्याही योजनेच्या नावाने ओळखला जात नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात (२०१६) दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होते. आदल्या संध्याकाळी आशाताई आपल्याच रिचार्जवर एकेका घरी फोन लावते : ‘उद्या नऊ तारीख हाय. कार्ड घेऊन ये, सासूबाईलाही आण.’