कणांचे आकारमान आणि सिरॅमिक नॅनोकणांची स्फटिकरचना

सिरॅमिक पदार्थाचे कण काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) इतके लहान असले, तर त्यांतील अणूंची मांडणी त्याच पदार्थाच्या मोठ्या तुकड्यापेक्षा वेगळी असू शकते. रासायनिक सूत्र, तापमान, दाब सगळे तेच असते, फक्त कण लहान असतो. म्हणून अशा पदार्थाचे कोणते रूप स्थिर, हे सांगताना तापमान आणि दाबाच्या जोडीला कणाचे आकारमानही सांगावे लागते. याचे सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण म्हणजे झिर्कोनिया (झिर्कोनियम डाय-ऑक्साइड).

मोठ्या तुकड्यातला शुद्ध झिर्कोनिया नेहमीच्या तापमानाला एकनताक्ष (मोनोक्लिनिक, म्हणजे अणूंची चौकट एका बाजूला कललेली) असतो. सुमारे ११७० अंश सेल्सिअसला तो चतुष्कोणीय (टेट्रागोनल, चौकट सरळ पण एका दिशेने वेगळ्या लांबीची) होतो आणि सुमारे २३७० अंशांना घनीय (तिन्ही बाजू सारख्या). थंड होताना तो उलट वाटेने एकनताक्ष रूपात परततो आणि त्या वेळी ४ ते ५ टक्के फुगतो. भट्टीतून काढलेल्या शुद्ध झिर्कोनियाच्या वस्तूला तडे जातात ते याच फुगण्यामुळे.

बारीक भुकटीत मात्र वेगळेच दिसते. झिर्कोनियम ऑक्सिक्लोराइडच्या द्रावणात अमोनिया टाकला की पांढरा, जेलीसारखा साका मिळतो. तो धुऊन, वाळवून ५०० अंशांच्या आसपास भाजला, तर थंड झालेल्या भुकटीच्या क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात (स्फटिकावर आदळलेले क्ष-किरण कोणत्या कोनात किती विखुरतात, ते दाखवणारा आलेख) ३०.२ अंशांच्या कोनाजवळ (तांब्यापासून निघणारे क्ष-किरण वापरल्यास) एक रुंद शिखर उठते. ही चतुष्कोणीय रूपाची खूण आहे. हीच भुकटी १००० अंशांना काही तास ठेवून थंड केली की ते शिखर खचते आणि त्याच्या दोन बाजूंना, २८.२ आणि ३१.५ अंशांच्या कोनांजवळ, एकनताक्ष रूपाची अरुंद शिखरे येतात. मधल्या काळात कण वाढलेले असतात.

रोनाल्ड गार्वी यांनी १९६५ साली याचे जे स्पष्टीकरण मांडले, ते आजही चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. कणाच्या आतल्या अणूंना एकनताक्ष मांडणी सोयीची असते, पण पृष्ठभागाची ऊर्जा चतुष्कोणीय रूपात कमी असते. आतला फायदा घनफळाच्या प्रमाणात मिळतो, पृष्ठभागाचा क्षेत्रफळाच्या प्रमाणात. कण लहान होत गेला की घनफळ क्षेत्रफळापेक्षा वेगाने घटते आणि एका टप्प्याला पृष्ठभागाचे पारडे जड होते. पृष्ठभाग किती वाढतो, हे एका हिशेबातून कळेल: १ मायक्रोमीटर व्यासाच्या कणांच्या १ ग्रॅम झिर्कोनियाचे पृष्ठफळ सुमारे १ चौरस मीटर भरते. तेच कण १० नॅनोमीटरचे असतील, तर ते १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १,०७५ चौरस फूट होते. चिमूटभर भुकटीत ऐसपैस टू-बीएचके फ्लॅटइतका पृष्ठभाग!

गार्वींनी काढलेले क्रांतिक आकारमान, म्हणजे ज्याच्या खाली चतुष्कोणीय रूप टिकते ते माप, ३० नॅनोमीटरच्या आसपास होते. हा आकडा जिथेतिथे उद्धृत होतो, पण तो पदार्थाच्या द्रवणांकासारखा अढळ मानणे चुकीचे आहे. पृष्ठभागावर पाण्याचे रेणू चिकटले की पृष्ठ ऊर्जा बदलते आणि सीमारेषा सरकते. कण सुटे आहेत की एकमेकांना चिकटलेले, साक्यात कोणते आयन अडकून राहिले, ऑक्सिजनच्या किती जागा रिकाम्या आहेत, यांवरही ती अवलंबून असते. चतुष्कोणीय रूप खरोखर स्थिर आहे, की केवळ रूपांतराला सुरुवातच होत नाही म्हणून टिकले आहे, हा वादही जुना आहे. अशी भुकटी खलात नुसती घोटली तरी तिचा काही भाग एकनताक्ष होतो. त्यामुळे नमुना तपासणीसाठी तयार करतानाच निष्कर्ष बिघडू शकतो.

घट्ट भाजलेल्या सिरॅमिकमध्ये शेजारच्या कणांचा दाब फुगण्याला जागाच देत नाही. सोबत इट्रियासारखे (इट्रियम ऑक्साइड) रूप टिकवून धरणारे स्थिरक मिसळले, तर कित्येक पट मोठे कणही चतुष्कोणीय राहतात. १९७५ साली गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी याचा उपयोग दाखवून दिला. तडा जवळ आला की त्याच्या टोकाशी असलेले कण ताणामुळे मोकळे होतात, एकनताक्ष होऊन फुगतात आणि तड्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. दाताच्या झिर्कोनिया कॅपची चिवटता इथूनच येते. त्यासाठी कणांचे माप मधलेच असावे लागते: फार मोठे कण आपोआप रूपांतरित होतात, तर फार लहान कण तडा आला तरी रूप बदलत नाहीत आणि चिवटता घटते. ओलाव्यातही पृष्ठभागावरचे कण हळूहळू बदलतात. २००१ साली खुब्याच्या कृत्रिम सांध्यातील झिर्कोनियाचे गोळे रुग्णांच्या शरीरात मोठ्या संख्येने फुटले, त्यामागे हेच कारण होते. भाजण्याची भट्टी बदलल्याने ते गोळे अशा बदलाला बळी पडले होते.

इतर ऑक्साइडांतही हा परिणाम आढळतो. टायटानियाचे (टायटॅनियम डाय-ऑक्साइड) मोठे स्फटिक रुटाइल रूपात स्थिर असतात, पण साधारण १४ नॅनोमीटरखाली अ‍ॅनाटेज रूप अधिक स्थिर ठरते, असे झांग आणि बॅनफिल्ड यांनी १९९८ मध्ये दाखवले. अ‍ॅल्युमिनाचे (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) स्थिर रूप कुरुंद, म्हणजे माणिक आणि नीलम ज्याचे बनतात ते. पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे १२५ चौरस मीटरच्या पुढे गेले की मात्र गॅमा रूप वरचढ ठरते. सेरियात (सेरियम ऑक्साइड) मांडणी घनीयच राहते, पण जाळी, म्हणजे अणूंची ठरावीक अंतरावरची चौकट, किंचित प्रसरण पावते, कारण काही सेरियम आयन चारऐवजी तीन प्रभारांचे आणि आकाराने मोठे होतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पुषण अय्यूब आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा अनेक ऑक्साइडांचा एकत्रित विचार केला. कण लहान होताना जाळी प्रसरण पावते आणि मांडणी अधिक सममितीकडे झुकते, असा कल त्यांना दिसला. बेरियम टायटानेट हे त्याचे ठळक उदाहरण. नेहमीच्या तापमानाला त्याचा एक अक्ष दुसऱ्यापेक्षा सुमारे १ टक्क्याने लांब असतो आणि त्याचा विद्युत गुणधर्म याच फरकाशी बांधलेला आहे. कण लहान झाले की हा फरक मिटत जातो. मोबाइलमधील बहुस्तरीय कपॅसिटरचे थर पातळ करत नेणाऱ्यांपुढची ही खरी अडचण आहे. हा फरक नेमका कुठे संपतो, याबाबत मात्र काही प्रयोग १०० नॅनोमीटरच्या आसपासचे आकडे देतात, तर काही ३० च्याही खालचे.

या तफावतीला मोजमापही कारणीभूत आहे. बारीक कणांची क्ष-किरण शिखरे रुंदावतात. या रुंदीवरून आकारमान काढण्याचे सूत्र शेरर यांनी १९१८ साली दिले, पण जाळीतील ताणही शिखर रुंद करतो आणि वेगळा न काढल्यास कण आहे त्याहून लहान भासतो. शिवाय रुंद शिखरे एकमेकांत मिसळली, की झिर्कोनियाचे चतुष्कोणीय आणि घनीय रूप आलेखावर वेगळे ओळखू येत नाही. अशा वेळी रामन वर्णपट (अणूंच्या कंपनांमुळे विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख) घेतात. त्यात चतुष्कोणीय रूपाचे सहा पट्टे असतात आणि घनीय रूपाचा एकच.