घन यामिकीतील संशोधन आणि साधनांची देवघेव

बल पडल्यावर घन पदार्थ किती वाकतो, कुठे ताणला जातो आणि कधी तुटतो, याचा अभ्यास म्हणजे घन यामिकी. अभियांत्रिकीच्या मुलांच्या तोंडी हाच विषय ‘एसओएम’ (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) म्हणून असतो. त्यातले संशोधक, प्राध्यापक आणि कारखान्यांतले अभियंते शोधनिबंध, चाचण्यांची मूळ आकडेवारी, संगणकीय प्रणाली, पडताळणीची गणिते आणि व्याख्याने एकमेकांना पुरवतात. ही नोंद त्या व्यवहाराची. कोल्हापुरात तो वर्गापुरता राहत नाही. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत ओतल्या जाणाऱ्या प्रत्येक जॉबशी त्याचा संबंध येतो.

या शास्त्राची सुरुवात मात्र लपवाछपवीने झाली. रॉबर्ट हुकने स्प्रिंगचा नियम १६७६ मध्ये छापला तो अक्षरांची उलटापालट करून, म्हणजे शोधाचा मान आपला आणि अर्थ कोणालाच नाही. उलगडा त्याने १६७८ मध्ये केला. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलरने रेल्वेच्या आसांवरच्या थकवा-चाचण्यांचे (पुन्हापुन्हा भार देऊन तुटेपर्यंत तपासण्याचे) आकडे प्रसिद्ध केले, ही खरी उलट दिशा. पहिल्या महायुद्धाने दुरावलेले यामिकीतज्ज्ञ १९२४ साली डेल्फ्टच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एकत्र आले. भारतात सैद्धांतिक व उपयोजित यामिकीची संस्था १९५५ मध्ये खरगपूरला उभी राहिली.

फायनाइट एलिमेंट पद्धत, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे कल्पून संगणकावर गणित करण्याची रीत, आल्यावर देवघेवीचा जिन्नसच बदलला. निबंधातले समीकरण वाचून भागेना, ते चालवणारी प्रणालीही हवी झाली. बर्कलेत एडवर्ड विल्सन यांनी १९७० च्या सुमारास ‘सॅप’ ही प्रणाली लिहून इतरांना वापरायला दिली. पुढे जर्मनीतून ‘कॅल्क्युलिक्स’, फ्रान्सच्या वीज कंपनीकडून ‘कोड-अ‍ॅस्टर’ अशा मुक्त प्रणाली आल्या. महागडा परवाना न परवडणाऱ्या छोट्या डिझाइन ऑफिसला त्यांचा आधार होऊ शकतो. फक्त शिकायला चिकाटी लागते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेने एक वेगळाच खेळ मांडला. नमुन्याची मापे आणि धातूची चाचणी-माहिती सगळ्यांना सारखीच दिली आणि तडा कसा जाईल ते आधी सांगायला लावले. अंदाजांत बरीच तफावत निघाली, आणि तीही छापली गेली.

निबंध मिळवणे आता तुलनेने सोपे आहे. शिवाजी विद्यापीठातले (स्थापना १९६२) पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर वाचता येतात, एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या उपक्रमात आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आणि सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली करायचे ठरवले. कोल्हापुरातली बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये खासगी असल्याने त्यांना या ताटात लगेच जागा मिळाली नाही. तिथल्या विद्यार्थ्याने निबंधाच्या लेखकालाच मेल टाकावा हे उत्तम. बहुतेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात.

खरी उणीव निबंधांची नाही, आलेखांची आहे, म्हणजे किती बलाला धातू किती ताणला हे दाखवणाऱ्या चाचणीच्या रेघांची. ग्रे आयर्नचे, म्हणजे करड्या बिडाचे, उदाहरण घ्या. आयएस २१० या मानकात एफजी २६० हा दर्जा म्हणजे किमान २६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणबल, आणि ते मोजतात वेगळ्या ओतलेल्या ३० मिलिमीटर व्यासाच्या टेस्ट बारवर. पण प्रत्यक्ष कास्टिंगमध्ये पातळ भाग लवकर थंड होतो, जाड भाग उशिरा, आणि बळ त्याप्रमाणे बदलते. शिवाय या बिडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्या चिरांसारख्या वागतात. त्यामुळे हा बल-ताणाचा (प्रतिबल-विकृती) आलेख सुरुवातीपासूनच किंचित वाकतो आणि दाबाखालचे बळ ताणाखालच्या तिप्पट-चौपट भरते. संगणकावर ब्रॅकेट तपासणाऱ्याला हा अख्खा आलेख लागतो. टेस्ट रिपोर्टवर मात्र एकच आकडा आणि कडकपणा येतो. बाकीची रेघ यूटीएमच्या (नमुना ताणून तपासणाऱ्या यंत्राच्या) संगणकात पडून राहते.

ती न देण्याची कारणेही खोटी नाहीत. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे असते, करारात गुप्ततेचे कलम असते आणि शेजारच्या फौंड्रीला आपल्या मिश्रणाचा अंदाज द्यायला कोण तयार होईल? आपल्याकडे शेतात पैरा चालतो, पण पैऱ्यात आज दिलेला बैल उद्या परत येतो. आकडेवारीची परतफेड कधी आणि कुणाकडून येईल ते ठरलेले नसते. तरी गिऱ्हाइकाचे नाव आणि जॉबचा आकार काढून टाकला तर नुसत्या आलेखातून फारसे गुपित फुटत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आलेखासोबत काही नोंदी नसतील तर तो निरुपयोगी ठरतो. हीट नंबर (भट्टीतल्या त्या वितळीचा क्रमांक), रासायनिक घटक, बार कास्टिंगच्या कोणत्या जाडीतून कापला, ताणण्याचा वेग आणि मुख्य म्हणजे एक्स्टेन्सोमीटर (नमुन्यावरच लावून त्याचे ताणणे मोजणारे साधन) लावला होता की नाही, हे लिहिलेले हवे. एक्स्टेन्सोमीटर नसेल तर यंत्राच्या जबड्यांतली घसर आणि यंत्राचे स्वतःचे ताणणेही नमुन्याच्या खात्यावर पडते, आणि त्या रेघेवरून काढलेला यंग गुणांक, म्हणजे धातूच्या ताठपणाचे माप, खऱ्यापेक्षा बराच कमी येतो.