‘काही सुचत नाहीये’ असा फोन करण्यापूर्वी

आमच्याकडे मजकूर देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दर महिन्याच्या अठरा-एकोणीस तारखेपासून आमचा फोन वाजायला लागतो. सोसायटीच्या त्रैमासिकाचे संपादक, पेशंटसाठी दरमहा एक पान छापून घेणारे डॉक्टर, क्लासचे सर, मंडळाच्या मुखपत्रात सदर चालवणारे काका, सगळ्यांचं म्हणणं एकच: “पान राखून ठेवलंय, तारीख डोक्यावर आलीये, पण काही सुचत नाहीये. तुम्हीच काहीतरी लिहून टाका ना!” दिवाळी अंकांच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टपासून पुढे, हेच फोन दुप्पट होतात.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही डीटीपी करतो, प्रूफं तपासतो, लेखावरून हात फिरवून तो नीटनेटका करून देतो. तुमच्याऐवजी लेख लिहून मात्र देत नाही. यावर काही जण नाराज होतात, म्हणून कारण सांगते. ‘पावसाळ्यात घ्यायची काळजी’ या विषयावर आम्ही तासाभरात पान भरून देऊ शकतो. पण तसं पान कुणाच्याही नावावर खपेल, आणि तुमचा पेशंट किंवा सभासद ते तुमचं म्हणून वाचणार नाही. वीस-पंचवीस वर्षं एकाच कामात घालवलेल्या माणसाला जे दिसतं ते आम्हाला इथे टेबलाशी बसून दिसत नाही. ते तुमच्याकडूनच यायला हवं, आणि ते तुमच्याकडे असतं हा आमचा रोजचा अनुभव आहे. सुचलेलं असतं. ते टिपून ठेवताना चूक होते.

एका शब्दाची नोंद

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

वाशीच्या एक फिजिओथेरपिस्ट बाई आमच्याकडे त्यांचं मासिक पान करून घेतात. एकदा त्या अगदी रडवेल्या होऊन आल्या. सलग दोन महिने पान निघालं नव्हतं. मी म्हटलं, काही टिपून ठेवता का? त्यांनी फोन पुढे केला. यादीत एकेचाळीस नोंदी होत्या! ‘उशी’, ‘आईचा फोन’, ‘पाऊस?’, ‘मोबाइल – मान’, ‘डबेवाला’, ‘गुडघा-जिना’ अशा. आम्ही दोघी दीड तास ती यादी घेऊन बसलो. एकेचाळीसपैकी नऊ नोंदींचा अर्थ त्यांना सांगता आला. ‘उशी’ कुणाची, तिचं काय झालं, ती जाड होती की पातळ, काही म्हणजे काही आठवेना. त्या दिवशी ते महत्त्वाचं वाटलं होतं एवढंच आठवत होतं.

‘गुडघा-जिना’ आदल्याच दिवशीची होती, म्हणून वाचली. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या, आणि त्यांच्याच शब्दांत मी कार्डावर उतरवलं ते असं:

‘ठाणे स्टेशनचा पूल, संध्याकाळी सहा. एक आजी जिना आडव्या होऊन उतरत होत्या, दोन्ही हात कठड्याला. मागचा मुलगा घाई करत होता. म्हणाल्या, चढताना काही होत नाही गं, उतरतानाच जीव जातो. लोकांना वाटतं चढण अवघड आणि उतरण सोपी. गुडघ्याला उलटं वाटतं, ते का?’

आता यात लेख दिसतो. उतरताना अंगाचं सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर तोलत हळूहळू खाली सोडावं लागतं. मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच जोर लावत असतो आणि गुडघ्याची वाटी दाबली जाते. म्हणून चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा पाय आधी, हात कठड्यावर. हे सगळं बाईंना पाठ होतं, त्या रोज दहा जणांना सांगतात. फक्त त्याला आजी आणि जिना मिळत नव्हता. पान दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे आलं. त्यांच्या दवाखान्यात अजूनही लोक ते मागून नेतात.

नोंदीला क्रियापद हवं, असा आमच्याकडे नियम आहे. ‘उशी’ ही नोंद होत नाही. ‘पेशंटने घरून तीन उशा आणून दाखवल्या आणि यातली कुठली मानेला चांगली असं विचारलं’ ही नोंद झाली. कोण होतं, कुठे, काय घडलं किंवा काय म्हणालं, आणि तुम्हाला त्यात खटकलं किंवा आवडलं काय, एवढं दोन-तीन ओळींत आलं पाहिजे. शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि लेख तर तिच्यातूनच निघतो. खटकलं ते प्रश्नाच्या रूपात लिहिता आलं तर फारच चांगलं, कारण लिहायला बसल्यावर उत्तर देण्यापासून सुरुवात करता येते आणि कोरं पान समोर राहत नाही.

“एवढं लिहायला वेळ कुठे असतो? माझं लक्षात राहतं,” असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की निरर्थक अक्षरगट पाठ केले तर विसरण्याचा सगळ्यात मोठा घसारा पहिल्या तासाभरातच होतो, पुढे तो मंदावतो. आपल्याला सुचलेलं निरर्थक नसतं, त्यामुळे ते थोडं जास्त टिकतं. पण बारीकसारीक तपशील आधी गळतात आणि मोघम शब्द तेवढा उरतो, हे आम्ही तुमच्याच याद्यांत बघतो. म्हणून उशिरात उशिरा झोपण्यापूर्वी त्या शब्दाचं वाक्य करून टाका.

पूर्ण वाक्याचा आग्रह आमचा एकट्यांचा नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या बृहत्कोशाचं काम चालू आहे. सुमारे १५०० ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ १ कोटी चिठ्ठ्या तिथे कपाटांत लावून ठेवल्या आहेत. शब्दाबरोबर तो ज्या वाक्यात आला ते अवतरण आणि कुठल्या ग्रंथात कुठे आला तो संदर्भ चिठ्ठीवर असतो. म्हणूनच एका पिढीने लिहिलेल्या चिठ्ठीवर पुढच्या पिढीतला माणूस बसून काम करू शकतो. तुमच्या बाबतीत एवढी वर्षं जात नाहीत, पण महिन्याभराने स्वतःची चिठ्ठी वाचताना तुम्हीही त्या दिवसाला परकेच झालेले असता.

कशावर लिहायचं

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्यात फार अर्थ नाही. वही चालेल, फोन चालेल, कॅलेंडरची मागची बाजूही चालेल. जागा एकच ठेवा म्हणजे झालं. थोडं वहीत, थोडं व्हॉट्सॲपवर, थोडं लाइटबिलाच्या पाठीवर असं झालं की शोधण्यातच रविवार जातो. लोकलमध्ये उभ्याने लिहिता येत नसेल तर स्वतःच्याच नंबरवर आवाजात बोलून ठेवा, पण घरी जाऊन ते उतरवून घ्या. न उतरवलेली रेकॉर्डिंग कुणी पुन्हा ऐकत नाही, आमच्या बघण्यात तरी नाही. फोटोचंही तेच. तलावपाळीच्या काठावरचा फोटो तुम्ही कशासाठी काढला होता ते खाली ओळभर लिहिलं नसेल तर तो नुसता तलाव राहतो.

आम्ही स्वतः कार्डं वापरतो. छपाईच्या कटिंगमधून जाड कागदाच्या पट्ट्या उरतात, त्यांची पोस्टकार्डाएवढी कार्डं कापून घेतो. एका कार्डावर एकच गोष्ट. वहीतलं पान हलवता येत नाही, कार्ड टेबलावर पसरून दुसऱ्याशेजारी ठेवून बघता येतं, हा त्याचा खरा फायदा. बाईंच्या उशीच्या कार्डाशेजारी मोबाइल-मानेचं कार्ड ठेवलं तेव्हा दोन्ही मिळून एकच लेख आहे हे समोरच दिसलं. (हो, उशीची गोष्ट त्यांना पुढे आठवली, पेशंट पुन्हा आला तेव्हा.)

लावून कसं ठेवायचं

इथे आमच्याच हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. सुरुवातीच्या वर्षांत एका ग्राहकाच्या दीडशेच्या वर चिठ्ठ्या आम्ही मोठ्या हौसेने विषयवार लावून दिल्या. आरोग्य, शिक्षण, जुनं ठाणं, सण, माणसं अशी अकरा पाकिटं, प्रत्येकावर सुंदर अक्षरात नाव. त्यांनी ती पाकिटं कपाटात ठेवली आणि वर्षभरात एकदाही उघडली नाहीत. लिहायला बसणाऱ्याला ‘शिक्षण’ या विषयावर काय आहे हा प्रश्न पडत नाही. आज लिहायला तयार काय आहे, हा पडतो. ते आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही आंब्यांसारखं करतो. कच्च्या चिठ्ठ्या एका बाजूला, आढीत घातलेल्या मधे, पिकलेल्या हाताशी. रोजचं नवं सगळं कच्च्यात, कुठे जाईल याचा विचार न करता. आठवड्यातून एकदा अर्धा तास काढून कच्च्या चिठ्ठ्या वाचायच्या. एखादी वाचताना आणखी काही आठवलं, कुणाशी तरी बोललं पाहिजे असं वाटलं, एखादा आकडा शोधायला हवा असं वाटलं, की ते त्याच कार्डावर लिहून ते आढीत टाकायचं. आढीतल्या कार्डावर तीन-चार वेळा भर पडली आणि पहिलं वाक्य काय असेल ते डोक्यात वाजायला लागलं की ते पिकलं. लिहायला बसाल तेव्हा फक्त पिकलेल्यांतलं एक उचलायचं, बाकीच्यांकडे बघायचंच नाही.

काही कच्च्यातच राहतील, राहू देत. घाई करून फेकू नका. गौरी-गणपतीवरची चिठ्ठी जानेवारीत निर्जीव वाटते आणि श्रावणात तीच कामाला येते. जुन्या ठाण्याबद्दल काही लिहायचं असेल तर कार्डावर तारीख तपासायची आहे अशी खूण करून ठेवा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली ही तारीख सगळ्यांना पाठ असते, पण आजोबांनी सांगितलेल्या इतर गोष्टी तशा पक्क्या नसतात. १८९३ पासून आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे एक फेरी मारली तर कार्ड आढीतून थेट पिकलेल्यांत येतं आणि आमचाही प्रूफाच्या वेळचा अर्धा तास वाचतो.

आमच्याकडून काय मिळेल

शंभर कोऱ्या कार्डांचं पाकीट साठ रुपयांना आहे. वर्षभराचं काम आमच्याकडे असलेल्यांना पहिलं पाकीट आणि पुठ्ठ्याचा खोका आम्ही तसाच देतो. बाजारात याहून देखण्या वह्या मिळतात. आमची कार्डं साधी आहेत, पण शाईच्या पेनाने लिहिलं तरी त्यावर शाई फुटत नाही आणि खिशात ठेवली तरी दुमडत नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा ते एक आम्ही विषयबैठक घेतो. एका ग्राहकाला अर्धा तास. तुमची कार्डं टेबलावर पसरायची, आम्ही प्रश्न विचारायचे, तुम्ही सांगायचं, आणि पुढच्या तीन अंकांचे विषय ठरवून उठायचं. पहिली बैठक विनामूल्य आहे, पुढच्या प्रत्येकीचे तीनशे रुपये. ज्यांनी वर्षभर नेमाने ही बैठक केली त्यांचं मॅटर आमच्याकडे वेळेवर येतं आणि तातडीच्या कामाचा जादा आकार त्यांना भरावा लागत नाही. तो आकार आम्हालाही घ्यायला आवडत नाही. पण वीस तारखेनंतर आलेल्या मजकुरासाठी आमची मुलं रात्री थांबतात, शेवटची लोकल पकडून बदलापूर-टिटवाळ्याला जातात, म्हणून तो ठेवावा लागला आहे.

बैठकीला येताना तुमची वही, फोन, चिठ्ठ्या, जे काही असेल ते जसंच्या तसं घेऊन या. आदल्या रात्री बसून नीट अक्षरात उतरवू नका, खोडलेलं पुसू नका, मूर्खपणाचं वाटलेलं वगळू नका. बाईंची गुडघा-जिन्याची नोंदही त्यांनी काढून टाकायची ठरवली होती.