फिजीची सेव्हन्स रग्बी

सेव्हन्स म्हणजे प्रत्येक बाजूला सात खेळाडू घेऊन खेळायची रग्बी. हा खेळ ऑलिंपिकमध्ये आल्यावर पुरुषांची पहिली दोन्ही सुवर्णपदके, रिओ (२०१६) आणि टोकिओ (२०२१), फिजी या दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटराष्ट्राने जिंकली. सेव्हन्सचा विश्वचषक तीन वेळा (१९९७, २००५, २०२२) आणि वार्षिक जागतिक मालिका चार वेळा (२००५–०६, २०१४–१५, २०१५–१६, २०१८–१९) त्याच्याकडे गेली आहे. फिजीचे क्षेत्रफळ सुमारे १८,३०० चौ. किमी. आहे, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडेसेच जास्त. तेही तीनशेहून अधिक बेटांत विखुरलेले, आणि त्यांतल्या शंभरेक बेटांवरच वस्ती आहे. लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, एकट्या सोलापूर शहराएवढी. या देशाने पॅरिसपर्यंत (२०२४) चार ऑलिंपिक पदके मिळवली : दोन सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य. चारही याच एका खेळातली.

हा खेळ स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावी १८८३ मध्ये सुरू झाला. नेड हेग नावाच्या तिथल्या खाटकाने क्लबसाठी पैसे उभे करायला ही छोटेखानी स्पर्धा सुचवली, असे सांगतात. मैदान मात्र छोटे केले नाही. पंधरा जणांच्या रग्बीचेच पूर्ण मैदान, त्यावर सातच माणसे आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. त्यानंतर चेंडू टप्पा देऊन दांड्यांमधून मारला की आणखी दोन. माणसे कमी आणि जागा मोकळी, त्यामुळे एक टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणे) चुकली की समोरचा सरळ ट्रायपर्यंत पोहोचतो. पंधरांच्या खेळात वजनदार पुढच्या फळीला, स्क्रमला (दोन्ही फळ्यांनी एकमेकींना रेटून चेंडू मिळवण्याला) आणि लाइनआउटला (बाहेरून रांगेत फेकलेला चेंडू उडी मारून पकडण्याला) जे महत्त्व असते, ते इथे धाव, हुलकावणी आणि झेलाला येते. फिजीची गोष्ट समजून घ्यायची तर आधी हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

उच्चारांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण फिजीयन नावे रोमन लिपीत वाचली तर हमखास चुकतात. त्या लिपीत ड लिहिला तरी उच्चारात त्याआधी न येतो, ब च्या आधी म येतो आणि सी या अक्षराचा उच्चार द-थ च्या जवळचा होतो. त्यामुळे देशाचा मुख्य विमानतळ ज्या शहरात आहे, त्याचे नाव ‘नादी’ असे न उच्चारता ‘नांदी’ असे उच्चारतात. मराठी कानाला हे नाव लगेच आपले वाटते.

फिजीत रग्बी आली ती इंग्रजी अमलाबरोबर. व्हिती लेवू या मुख्य बेटावरच्या बा भागात १८८४ च्या सुमारास युरोपीय आणि फिजीयन शिपाई हा खेळ खेळत होते. रग्बी युनियन १९१३ मध्ये स्थापन झाली. पहिला आंतरराष्ट्रीय सामना ऑगस्ट १९२४ मध्ये सामोआत, आपिया इथे झाला. यजमान खेळाडूंना पुढे कामावर जायचे होते म्हणून तो सकाळी सातला सुरू केला. मैदानातच एक झाड उभे होते. फिजीने तो ६–० असा जिंकला. १९३९ च्या न्यूझीलंड दौऱ्यात संघ एकही सामना हरला नाही. १९७७ मध्ये न्यूझीलंडहून परतणाऱ्या ब्रिटिश लायन्सना (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ) राजधानी सुवात २५–२१ असे हरवले, त्याची आठवण तिथले जुने लोक अजून काढतात. तरी पंधरांच्या रग्बीत फिजी कायम दुसऱ्या फळीतला संघ राहिला. एखाद्या दिवशी कोणालाही हरवेल, पण महिनाभराच्या स्पर्धेत टिकेलच याची खात्री नाही. त्या खेळाला लागणारी मोठी राखीव फळी, व्यायामशाळा, वैद्यकीय पथके, वर्षभराचे सामने हे सगळे पैशाचे काम आहे.

सेव्हन्सला यातले फार थोडे लागते. फिजीयन गावाच्या मध्यभागी बहुधा हिरवळीचा चौक असतो. शेतीची कामे उरकून संध्याकाळी पोरे आणि बाप्ये तिथे जमतात आणि अंधार पडेपर्यंत हाताने शिवायची रग्बी, म्हणजे टच, खेळतात. टॅकल नसल्याने खेळात भर राहतो तो चपळाईवर आणि चेंडू शेवटच्या क्षणी सोडण्यावर. चेंडूच असला पाहिजे असेही नाही. पुढे देशाचा कर्णधार झालेला जेरी तुवाई सुवाजवळच्या न्यूटाउन या गरीब वस्तीत वाढला, आणि प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला चेंडू मानून खेळला. पाडले जात असतानाच, एका हाताने, पाठीमागून साथीदाराकडे चेंडू सरकवण्याला ऑफलोड म्हणतात. इतर देशांत तो जोखमीचा म्हणून प्रशिक्षक मना करतात. फिजीत तो लहानपणापासून अंगात मुरलेला असतो. फिजीच्या खेळाला ‘उपजत देणगी’ म्हणून मोकळे होणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षे, गावातल्या मोठ्यांच्या नजरेखाली केलेला हा सराव आहे. त्याला वेळापत्रक नाही, एवढेच.

जगाला ही कला पहिल्यांदा दिसली हाँगकाँगला. तिथली सेव्हन्स स्पर्धा १९७६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी फिजीने ती जिंकली. १९९० ते १९९२ सलग तीनदा आणि २०१५ ते २०१९ सलग पाचदा विजेतेपद त्याच्याकडे गेले. या परंपरेतले सर्वांत मोठे नाव वैसाले सेरेवी. रग्बीपटू म्हणून अंगकाठी लहान. पण तो थबकायचा, समोरच्याला हालचाल करायला लावायचा आणि मग रिकाम्या झालेल्या जागेतून निघून जायचा. १९९७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला २४–२१ आणि २००५ मध्ये न्यूझीलंडला २९–१९ असे हरवणाऱ्या दोन्ही संघांत तो होता. पुढच्या हंगामात त्याच्याच मार्गदर्शनाखाली फिजीने जागतिक मालिका जिंकली आणि मालिकेच्या आरंभापासून सलग सहा वर्षे चाललेली न्यूझीलंडची सद्दी मोडली.

ऑलिंपिकमध्ये रग्बी १९२४ नंतर नव्हती. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सेव्हन्सच्या रूपात ती परत आणायचे ठरवले आणि फिजीपुढे एक दार उघडले. १९५६ पासून ऑलिंपिकला खेळाडू पाठवणाऱ्या या देशाकडे तोवर एकही ऑलिंपिक पदक नव्हते. (पॅरालिंपिकचा मान मात्र रिओच्या आधीच मिळाला. लंडन २०१२ मध्ये उंच उडीत इलिएसा डेलानाने सुवर्ण जिंकले. त्याच्याइतकीच, १.७४ मीटर उडी मारूनही कमी प्रयत्नांच्या निकषावर रौप्य मिळाले ते भारताच्या गिरीश नागराजेगौडाला.)

२०१३ मध्ये इंग्लंडचे बेन रायन प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा रग्बी युनियनची तिजोरी रिकामी होती. पहिले काही महिने त्यांना पगारही मिळाला नाही. रायन यांचे शहाणपण असे की त्यांनी खेळाची जात बदलली नाही. आहार, झोप, दम यांवर काम केले आणि चेंडू कसा खेळायचा ते खेळाडूंवर सोडले. शरीर कमावण्याची बाजू स्थानिक प्रशिक्षक नाका थावानिम्बुका यांनी सांभाळली. सिंगाटोका नदीच्या मुखाशी वाळूच्या उंच टेकड्या आहेत. त्या चढून-उतरून खेळाडूंचे पाय तयार झाले.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन चक्रीवादळ फिजीवर आदळले. दक्षिण गोलार्धात नोंदलेल्या सर्वांत प्रबळ वादळांपैकी ते एक. ४४ माणसे गेली, गावेच्या गावे आडवी झाली. दोनच आठवड्यांनी लास वेगासमध्ये जागतिक मालिकेची फेरी होती आणि फिजीने ती जिंकली. ज्यांच्या गावी छप्पर उरले नव्हते, त्यांना त्या बातमीचा किती आधार वाटला असेल!

रिओत ऑगस्टच्या तीन दिवसांत फिजीने ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिकेला गटात हरवले. अमेरिकेविरुद्ध फरक पाचच गुणांचा (२४–१९) होता. उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडला १२–७ असे हरवले, आणि खरी कसोटी तीच होती. मग जपानवर २०–५. ११ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात समोर ग्रेट ब्रिटन, म्हणजे ज्या साम्राज्यापासून फिजी १९७० मध्ये स्वतंत्र झाला तोच देश. मध्यंतराला गुणफलक २९–० होता आणि शेवटी ४३–७. सामना संपल्यावर खेळाडूंनी हात गुंफून भक्तिगीत म्हटले. ब्रिटनच्या राजकन्या ॲन यांच्याकडून पदक घेताना प्रत्येक जण गुडघ्यावर बसला. थोरामोठ्यांपुढे खाली बसणे ही फिजीयन घरातली रीत आहे. परक्या नजरेला त्यात लीनता दिसली असेल, पण सुवर्णपदक गळ्यात पडताना आपली रीत न विसरण्यात मोठा आत्मसन्मान आहे, असे वाटते.

देशात सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सात डॉलरची नोट काढली; तिच्या एका बाजूला कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ, दुसऱ्या बाजूला संघ आणि रायन.

टोकिओची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते अधिक कठीण. २०२१ च्या मध्यावर फिजीत कोविडची मोठी लाट होती. खेळाडू एप्रिलपासून घराबाहेर, आधी देशातल्या शिबिरात आणि नंतर ऑस्ट्रेलियात विलगीकरणात होते. कित्येकांना महिनोन्‌महिने मुलाबाळांचे तोंड दिसले नाही. प्रवासी विमाने बंद असल्याने संघ मालवाहू विमानाने निघाला. वेल्सचे गॅरेथ बेबर प्रशिक्षक, तुवाई कर्णधार. २८ जुलैला अंतिम सामन्यात न्यूझीलंडवर २७–१२ असा विजय मिळाला. दोन्ही सुवर्णविजेत्या संघांत खेळलेला तुवाई हा एकमेव खेळाडू. तीन दिवसांनी महिलांच्या संघाने, ज्याला फिजियाना म्हणतात, ग्रेट ब्रिटनला २१–१२ असे हरवून कांस्यपदक घेतले. उपांत्य सामन्यात त्यांनी न्यूझीलंडला जादा वेळेपर्यंत झुंजवले होते. मुलींनी रग्बी खेळण्याला फिजीतल्या अनेक घरांत फार काळ विरोध होता. त्यांच्यासाठी ना क्लब होते ना स्पर्धा. त्या पदकाचे मोल म्हणूनच मोठे.

पॅरिसमध्ये जुलै २०२४ ला फिजी पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, या वेळी प्रशिक्षक होता नोटेवरचा कोलिनिसाऊ. मध्यंतराला ७–७ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात फ्रान्सचा नामवंत खेळाडू आंत्वान द्युपाँ मैदानात उतरला आणि यजमान फ्रान्सने सामना २८–७ असा जिंकला. ऑलिंपिकमध्ये फिजीच्या पुरुष संघाचा हा पहिलाच पराभव.

फिजीत मोठ्या संख्येने भारतीय वंशाचे लोक राहतात. १८७९ ते १९१६ या काळात उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या सुमारे ६०,५०० मजुरांची, म्हणजे गिरमिटियांची ही संतती. ते प्रामुख्याने आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधून आणि दक्षिणेतून गेले. खेळाच्या मैदानावर दोन समाजांच्या वाटा वेगळ्या राहिल्या : रग्बी गावांतल्या फिजीयन तरुणांची, फुटबॉल भारतीयांचा. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल संघटनेच्या नावातच ‘इंडियन’ हा शब्द होता. लाउटोकात जन्मलेला विजय सिंग २००४ मध्ये गोल्फमध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला, पण रग्बीच्या राष्ट्रीय संघात भारतीय नाव क्वचितच दिसते. १९८७ आणि २००० ची बंडे वांशिक तेढीतून झाली आणि हजारो भारतीय कुटुंबे देश सोडून गेली. त्यातल्या पहिल्या बंडाचे सूत्रधार सितिवेनी राबुका हे स्वतः रग्बीत फिजीकडून खेळलेले. रिओच्या विजयानंतर दोन्ही समाजांचे लोक एकाच झेंड्याखाली रस्त्यावर उतरले, हे खरे. पण सामायिक आनंद आणि सामायिक मैदान यांत अंतर आहे, आणि ते अजून भरून निघालेले नाही.

दुसरी दुखरी बाजू खेळाडूंच्या स्थलांतराची. उसाच्या आणि पर्यटनाच्या अर्थव्यवस्थेत रग्बीच्या जोरावर पोट भरायचे तर फ्रान्स, इंग्लंड, जपान गाठावे लागते. रिओच्या संघातले लिओने नाकारावा आणि जोसुआ तुइसोवा युरोपात क्लब रग्बी खेळत होते. फिजीत जन्मलेले जो रोकोकोको आणि सितिवेनी सिविवातू न्यूझीलंडकडून, तर मारिका कोरोइबेते ऑस्ट्रेलियाकडून खेळले. त्यांना दोष देता येत नाही. एका खेळाडूच्या पगारावर गावातली कित्येक घरे चालतात.

यावरचा उपाय २०२२ मध्ये सुरू झाला. ‘न्द्रुआ’ (दुहेरी नावेच्या जुन्या युद्धनौकेचे नाव) हा व्यावसायिक संघ न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या सुपर रग्बी स्पर्धेत दाखल झाला आणि घरी राहून पगार घेण्याची सोय झाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंधरांच्या फिजी संघाने लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावर इंग्लंडला पहिल्यांदा हरवले (३०–२२). सप्टेंबरमध्ये विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला २२–१५ असे नमवले. ऑस्ट्रेलियावर असा विजय १९५४ नंतर मिळाला नव्हता. त्या संघात न्द्रुआचे खेळाडू मोठ्या संख्येने होते. सेव्हन्सच्या प्रशिक्षकांपुढे त्यातून नवाच पेच आला आहे : गावच्या चौकात तयार झालेला चपळ पोरगा आता आधी न्द्रुआच्या नजरेत भरतो.