सॉफ्टवेअर मोफत, मग बिलात ‘मूळ प्रकल्पांचा वाटा’ कशासाठी?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

देखभाल कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली की हा प्रश्न हमखास येतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस मोफत, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम मोफत, मग बिलातली ‘मूळ प्रकल्पांचा वाटा’ ही ओळ कशाची? प्रश्न रास्त आहे. फोनवर घाईघाईत त्याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून देत आहोत.

परवान्यापोटी आम्ही काहीही घेत नाही. तुम्ही भरता ते पैसे माणसांच्या वेळेचे असतात. पोस्टग्रेसची नवी मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. म्हणजे पाच वर्षे कोणीतरी तिच्यातल्या चुका शोधत आणि निस्तरत असते. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अनेकांना त्यासाठी कंपन्यांकडून पगार तरी मिळतो. त्याच सर्व्हरवरच्या लहान लायब्ररींचे, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या संचांचे, तसे नसते. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली चूक उघडकीस आली, तेव्हा जगभरचे इंटरनेट व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर. ती चूक दोन वर्षे तिच्याच कोडमध्ये होती. तपासायला पुरेशी माणसेच नव्हती.

म्हणून देखभाल शुल्काचा दहावा भाग आम्ही मूळ प्रकल्पांना, म्हणजे तुमच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष चालणारी मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या गटांना, दरमहा पाठवतो. एकरकमी का नाही, असेही विचारले जाते. ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण पाहा. २००२ मध्ये लोकांनी १,००,००० युरो जमवून त्याचा सोर्स कोड खुला करून घेतला. पण कोड खुला झाला म्हणून पुढचे काम आपोआप होत नाही. आज त्या प्रकल्पाला नियमित वर्गणीचा मोठा आधार आहे. वर्गणी ठरलेली असली की मेंटेनरला, म्हणजे प्रकल्पाचा कोड सांभाळणाऱ्याला, वेळेचे नियोजन करता येते. कोणत्या प्रकल्पाला किती गेले, याचा हिशेब वर्षअखेरीस पावत्यांसह मिळतो. एखादा प्रकल्प तुम्हाला जास्त महत्त्वाचा वाटत असेल तर आधी सांगा, त्याचा वाटा वाढवू.

आता सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या चुकीबद्दल. ग्राहक आमच्याकडून एखादी नवी सोय करून घेतात आणि सांगतात, “हा बदल फक्त आमच्याकडेच ठेवा. पैसे आम्ही दिले, इतरांना फुकट का?” भावना समजते. कायद्याने तुमच्यावर सक्तीही नाही. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचा कोड बदलून फक्त स्वतःच्या संस्थेत वापरला, तर तो बदल बाहेर द्यावा लागत नाही. पण मूळ प्रकल्पात न गेलेला पॅच, म्हणजे कोडमधला असा बदल, दर अपग्रेडला नव्याने बसवावा लागतो. मूळ कोड पुढे सरकतो, फंक्शनची नावे बदलतात, टेबलांची रचना बदलते आणि पॅच तिथेच राहतो. एका ग्राहकाचे दोन दिवसांचे अपग्रेड अशा चार खासगी पॅचमुळे तीन आठवडे चालले. त्या तीन आठवड्यांचे बिल त्यांना भरावे लागले आणि ते पाठवताना आम्हालाही वाईट वाटले. सुरक्षेची दुरुस्तीही तेवढे दिवस लांबली, हे त्याहून गंभीर.

तोच बदल मूळ प्रकल्पाने स्वीकारला की त्याच्या चाचण्या तिथेच जोडल्या जातात. पुढे कोणी कोड बदलला आणि तुमची सोय मोडली, तर ते तिथेच लक्षात येते. तुमचे गुपित बाहेर जाईल ही काळजी नको. सवलतीचे नियम, दर, ग्राहकांची माहिती आम्ही वेगळ्या मॉड्यूलमध्ये आणि सेटिंगमध्ये ठेवतो. मूळ प्रकल्पात जाते ती फक्त सर्वांना लागू पडेल अशी यंत्रणा.

यात वेळ जातो, हे खरे. मेंटेनर शंका काढतात, पुन्हा लिहायला लावतात, कधी नकारही देतात. कोटेशनमध्ये ‘परीक्षणासाठी वेळ’ असतो तो यासाठीच. स्वीकृतीची तारीख आम्ही देऊ शकत नाही आणि कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. मात्र बदल लिहिण्याआधी मेंटेनरशी बोलून घेतले की नकाराची शक्यता खूप कमी होते. म्हणून गरज ठरत असतानाच आम्हाला कळवा, काम अर्धे झाल्यावर नको.

एक विनंती: सर्व्हरवरच्या मूळ फाइलींमध्ये परस्पर बदल करून घेऊ नका. घाईत केलाच असेल तर त्याच दिवशी सांगा.

तुमच्या व्यवस्थेत सध्या किती खासगी बदल आहेत, याची यादी करार असलेल्या ग्राहकांना आम्ही विनामूल्य काढून देतो. मूळ बसवणी दुसऱ्या कोणी केली असली तरी चालेल. पुढच्या अपग्रेडची तारीख ठरवण्याआधी ती मागून घ्या.